निळ्या पाटीची गाडी आणि माझा धावदोरा

तापीच्या काठी, शिरपूरच्या अंगाला, एक गाव होतं. गावात केशरअक्का नावाची म्हातारी होती, म्हणजे मीच. म्हातारीला रेखा नावाची लेक होती, लेकीला विलास नावाचा नवरा होता, आणि नवऱ्याला एक साहेब होता. साहेबाच्या देशाचं नाव सांगत नाही. एक तर ते माझ्या तोंडात बसत नाही, आणि दुसरं म्हणजे आपल्या सरकारनंच ते प्रकरण विसरायचं ठरवलंय. मी कशाला आठवण करून देऊ?

आता काय सांगू तुम्हाला, माझ्या एका फणीभर केळ्यांनी दोन देशांत तेढ पाडली! शाळेची पायरी मी चढले नाही, सही म्हणून अंगठा देते. पण दिल्लीच्या कागदांत माझं नाव आहे. चांगल्या कामासाठी असतं तर तुमच्या कानावर आधीच आलं असतं. चहा घ्या, निवेल. सांगते सगळं.

आमचे विलासराव दिल्लीत गाडी चालवायचे. साधी गाडी नाही, परदेशी वकिलातीची. पुढं निळी पाटी, मागं निळी पाटी. ही पाटी बघितली की नाक्यावरचा पोलीस दांडकं खाली करतो आणि सलाम ठोकतो. विलासराव म्हणायचे, या गाडीला कोणी अडवत नाही, साहेबाला कोणी पकडत नाही, साहेबाच्या सामानाला कोणी हात लावत नाही. मी विचारलं, का बरं, देव आहे का तो? तर म्हणे, दुसऱ्याच्या देशात जाऊन आपल्या देशाचं काम निर्भयपणे करता यावं म्हणून सगळ्या देशांनी मिळून असं ठरवलंय. मला पटलं. परक्या घरी आलेल्या माणसाला धाक नको. आमच्याकडेही तीच रीत.

साहेब अधूनमधून आपल्या देशातून विमानानं मुंबईला उतरायचा. विलासराव दिल्लीहून गाडी घेऊन जायचे आणि आग्रा रोडनं त्याला परत न्यायचे. वाटेत आमचं घर. साहेब आमच्याकडे जेवायचा, केळीच्या बागेत हिंडायचा, घडाला हात लावून फोटो काढायचा. मग गाडी दिल्लीची वाट सोडून जळगावला वळायची. का, तर साहेबाला जळगावचं भरीत फार आवडतं. आता वांगं खायला माणूस एवढा वळसा घालतो, याचं आम्हा सगळ्यांना कौतुकच होतं. जळगावात भरीत जसं मिळतं तसं सोनंही विकलं जातं, हे काय आम्हाला ठाऊक नव्हतं? होतं की. पण पाहुण्याबद्दल असं मनात येत नाही.

आणि माझा तोरा काय विचारता! गल्लीत निळ्या पाटीची गाडी उभी राहिली की मी मुद्दाम दारात गहू निवडायला बसायची. घरातही निवडता आले असते.

त्या दिवशी उन्हाचा नुसता जाळ होता. साहेब शेवभाजी खाऊन घामाघूम झाला आणि आतल्या खोलीत पंख्याखाली आडवा झाला. विलासराव जेवायला बसले. ओसरीवर साहेबाची एकच थैली होती. जाड खाकी कापड, तोंडाला दोरी, दोरीवर शिशाचा शिक्का. मी नुसतं तिकडं पाहिलं तर विलासरावांचा घास हातातच राहिला.

"अक्का, त्या थैलीले हात लावू नका. तीमा त्यास्ना देशना कागद शेतस. तो शिक्का मोडना तर मनी नोकरी गई समजा."

मी म्हटलं, नाही हो मोडत.

आता तुम्हीच सांगा. पाहुणा घरी आला, आपली पिशवी घेऊन आला, आणि तीच पिशवी जशीच्या तशी घेऊन गेला, तर घराला काय शोभा राहिली? विचारून दिलं की पाहुणा नको नको म्हणतो. म्हणून तो आडवा झाला की हळूच भरायचं. माझ्या सासूनं असंच केलं, तिच्या सासूनंही केलं. आधीच्या खेपांना साहेबाबरोबर दुसरी कापडी पिशवी असायची, तिच्यात मी बिबड्या, आमचे ज्वारीचे पापड, भरून द्यायची. या खेपेला ती नव्हती. ही एकच.

शिक्का मोडायचा नाही, हे माझ्या ध्यानात पक्कं होतं. मी मोडलाही नाही. खताचं पोतं आपण तोंडाकडून उघडतो का? शिवणीचा दोरा ओढतो. तसंच थैली उलटी केली, बुडाची शिवण हातभर उसवली आणि आत डोकावले. कागद म्हणे! आत राखाडी फडक्यात बांधलेल्या वड्या होत्या. एक हातात घेतली, चांगली जड. मला वाटलं साबण. मनातल्या मनात हसले. एवढा मोठा साहेब, बायकोला साबण नेतोय आणि ड्रायव्हरला कागद सांगतोय! संसारी माणूस दिसतो. त्याची लाज राखायची म्हणून मी कुणाला काही बोलले नाही.

मग पिकलेल्या केळ्यांची एक फणी घातली, सालीवर काळे ठिपके आलेली, मधासारखी गोड. तिच्या बाजूनं बिबड्या घातल्या. गोधडीचा लाल दोरा सुईत होताच. धावदोरा टाकला, भराभर. एवढ्यात आत खाट वाजली, साहेब उठला. गाठ मारायची राहिली.

चोरून भरलेली पिशवी घेऊन साहेब हसत हसत गेला. मी दारात उभी राहून हात केला. खुश होते.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही. विलासरावांनी नंतर सांगितलं, आणि सांगताना ते हसत नव्हते.

जळगावच्या वाटेवर एका चहाच्या टपरीजवळ तपासनीस लोक उभे होते. साध्या कपड्यांत, पण बूट सरकारी. त्यांना कुणीतरी खबर दिली होती. त्यांनी गाडी थांबवली, हात जोडले, आणि साहेबाला म्हणाले, थैली दाखवता का? साहेबानं कार्ड काढून दाखवलं. ही माझ्या देशाची टपाल-थैली आहे, हिला बोट लावाल तर माझा देश आणि तुमचा देश बघून घेतील. झालं. त्यांचे हात जोडलेलेच राहिले. त्यांनी मुंबईला फोन लावला, मुंबईनं दिल्लीला लावला, दिल्लीनं सांगितलं की वरच्यांना विचारून कळवतो, तोवर थैली उघडू नका आणि साहेबालाही दुखवू नका.

साहेब हुशार. गाडीत ठेवली तर कोणी नजर चुकवून घेईल म्हणून थैली घेऊन टपरीच्या बाकावर बसला. थैली शेजारी. भोवती सात-आठ अधिकारी, सगळे थैलीकडे बघतायत, कुणी हात लावत नाही. वर ऊन. आत सोन्याच्या वजनाखाली माझी केळी.

होय, सोनंच ते. तुम्ही केव्हाच ओळखलंत, तुमचं डोकं माझ्यापेक्षा बरं.

थोड्या वेळानं थैलीच्या बुडाखाली ओल दिसायला लागली. मग मुंग्या आल्या. मग माशा. एका अधिकाऱ्यानं फार अदबीनं विचारलं, "साहेब, आत नक्की कागदच आहेत ना?"

साहेब म्हणाला, "गुप्त कागद."

"नाही, गळतायत म्हणून विचारलं."

साहेबाचं तोंड उतरलं. त्याला तरी कुठं ठाऊक होतं?

टपरीवाल्या आबाची एक बकरी होती. मोकळीच हिंडायची. ती आली, तिनं वास घेतला, आणि थैलीच्या बुडाला तोंड लावलं. आता साहेब तिला कार्ड दाखवणार होता का? त्यानं हाड हाड केलं, अधिकारी मात्र जागचे हलले नाहीत. थैलीला हात लावायची मनाई त्यांना होती. बकरी हाकलायचा हुकूम कुणी दिला नव्हता. बकरीच्या दातात माझ्या लाल दोऱ्याचं टोक आलं. तिनं ओढलं. गाठ नसलेला धावदोरा कसा येतो ते शिवणाऱ्या बायांना सांगायला नको. सरसर सगळा निघाला. बुड उघडं पडलं आणि चेचलेल्या केळ्यांबरोबर सोन्याच्या वड्या बदाबदा बाकाखाली पडल्या.

एवढे कायदे, एवढे फोन, आणि थैली उघडली बकरीनं!

इथवर आलं की लोक पोट धरून हसतात. मीही हसवते. पण गोष्ट इथं संपली असती तर मी तुम्हाला साखर घालून चहा दिला असता.

साहेबानं एक क्षण डोळे मिटले. मग थैली उचलली आणि तिचं तोंड सगळ्यांना दाखवलं. शिक्का शाबूत! म्हणाला, हा बघा आमच्या देशाचा शिक्का, जसाच्या तसा. आणि हे बुड बघा, लाल दोऱ्याची शिवण. आमच्या देशात असं शिवत नाहीत. थैली वाटेत कुणीतरी उसवली आणि त्यात हे सोनं भरलं. विचारा माझ्या ड्रायव्हरला.

आता बघा. मी मारलेला एक एक टाका उलटा फिरून जावयाला टोचला. विलासरावांना तिथंच गाडीतून उतरवलं. साहेब स्वतः स्टिअरिंगवर बसला आणि गेला. त्याला बोट लावता येत नव्हतं. विलासरावांना लावता येत होतं.

बकरीलाही दोन दिवस बांधून ठेवलं होतं, तिनं एखादी वडी गिळली असेल म्हणून. तिच्या पोटात काही नाही अशी खात्री झाल्यावर सोडून दिलं. विलासरावांच्या पोटातही काही नव्हतं, पण त्यांची खात्री कोण करणार?

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी जीप आमच्या दारात. रेखा तेव्हा माझ्याकडेच होती, पाचवा महिना लागलेला. अधिकारी तरुण होता, बोलायला सभ्य. त्यानं खाटेवरची माझी गोधडी उलटसुलट केली, लाल दोरा बघितला आणि माझ्यासमोर बसला.

"आजी, खरं बोला. थैली कुणी उसवली?"

"मी."

रेखानं कपाळाला हात लावला.

"आत काय घातलंत?"

"केळी. आणि बिबड्या."

"आणि?"

"आणि काय? लोणचं घालणार होते, पण बरणी मावेना."

"आत आधी काय होतं?"

"साबण."

त्यानं लिहायचं थांबवलं. माझ्याकडे बघितलं. मी कानातली फुलं पुढं केली, सोन्याची, मुगाच्या डाळीएवढी. "भाऊ, मना घरमा सोनं इतलंच शे. तितलं सोनं मनापाशी ऱ्हातं तर मी केळं वाटती का?"

तो हसला. पण लिहिलं त्यानं तेच, जे त्याला हवं होतं. थैली याच घरात उसवली, याच घरात शिवली, म्हातारी कबूल करते. मी जेवढं खरं बोलत गेले तेवढा जावई आत रुतत गेला. जळगावच्या वकिलानं नंतर मला हात जोडून सांगितलं, अक्का, आता कुणी काही विचारलं तर तुम्हाला ऐकू येत नाही असं सांगा.

तिकडं दिल्लीत काय चाललं होतं, ते आम्ही टीव्हीवर बघायचो. आपल्या सरकारनं त्या देशाला सांगितलं, तुमच्या माणसाचं संरक्षण काढा, आम्हाला चार प्रश्न विचारायचेत. तो देश म्हणाला, काढत नाही. मग आपलं सरकार म्हणालं, बरं, मग तुमचा माणूस आम्हाला नको, घेऊन जा. आणि सोबत तीव्र नाराजी कळवली.

नाराजी! आमच्याकडे सुनेच्या हातून वरणात मीठ जास्त पडलं तरी याहून जास्त बोलतात.

साहेब विमानतळावर दिसला. काळा चष्मा, बायको, कडेवर एक छोटं पांढरं कुत्रं. त्याच्यामागे कुणीतरी त्याच्या पेट्या ढकलत होतं. त्या पेट्याही कुणी उघडल्या नाहीत. रेखा म्हणाली, "आई, कुत्रंसुद्धा विमानात बसलं बघ." मी टीव्ही बंद केला.

आणि त्या देशानं काय करावं? बदला म्हणून त्यांच्याकडचा आपला एक अधिकारी घालवून दिला. त्या बिचाऱ्यानं कुणाची थैली उसवली होती? त्याची मुलं तिथं शाळेत होती म्हणे. वर्षाच्या मध्येच उठून आली. माझी केळी किती लांब जाऊन सडली बघा.

पुढं म्हणे सरकारनं कडक पावलं उचलली. काय पावलं? निळ्या पाटीच्या गाड्यांवरचे जे आपल्याकडचे ड्रायव्हर आहेत, त्यांची नीट चौकशी करायची, त्यांच्या बायकांचीही माहिती घ्यायची. साहेबांची नाही हो. साहेबांना चौकशीतून सूट आहे.

रेखाची सासू चाळीसगावहून आली. घरात पाय न ठेवता ओसरीवरच उभी राहिली. माझ्यापेक्षा वयानं मोठी, तरी कधी माझ्याशी आवाज चढवून बोलली नव्हती. त्या दिवशीही चढवला नाही. एवढंच म्हणाली, "विहीणबाई, तुम्ही मना पोऱ्याले भरेल पिशवी दिन्ही. आते मी तुरुंगमा त्याले रिकामी पिशवी लई जास. तठे काही नेऊ देतस नही."

मी भेटायला गेले तेव्हा जाळीपलीकडे विलासराव बसले होते. दाढी वाढलेली. मला वाटलं, आज शिव्या ऐकायच्या. त्यांनी विचारलं, रेखाची तब्येत कशी आहे. मग म्हणाले, "अक्का, साहेबाला भरीत आवडायचंच नाही. एकदा मी डबा घेऊन गेलो तर त्यानं तो तसाच ठेवला होता. तेव्हाच मला कळायला हवं होतं."

मी म्हटलं, आणि मला साबणाचं वजन कळायला हवं होतं.

दोघंही हसलो. पहाऱ्यावरच्या शिपायाला वाटलं, काय बेशरम माणसं आहेत.

रेखाला मुलगी झाली. बाप आत. बारसं झालं, पोर पालथी पडली, रांगायला लागली, बाप आतच. तारीख पडायची आणि पुढं जायची. मी वकिलाला विचारायची, आता काय अडलंय? तो म्हणायचा, अक्का, सोनं आणणारा सापडत नाही तोवर सोनं लपवणाऱ्याला सोडत नाहीत. मी म्हणायची, सापडला होता की, तुम्हीच विमानात बसवून दिलात. तो चहा मागवायचा.

मग एक दिवस टीव्हीवर त्याच देशाचा कोणी मोठा मंत्री आपल्याकडे आला. गालिचे, बँड, हार. दोन्ही देशांनी काहीतरी करार केला, तेलाचा की तांदळाचा, मला ठाऊक नाही. सगळे हात हातात घेऊन हसत उभे. मी शेंगा सोलत होते, मला त्या हसण्याचं काय?

पण थोड्याच दिवसांत वकिलाचा फोन आला. आवाज फुललेला. त्या देशानं लिहून दिलं होतं की ती थैली आमची नव्हतीच. आणि आपल्या सरकारनं ते मान्य केलं. थैली बेवारशी. सोनं बेवारशी. सोनं सरकारजमा, प्रकरण बंद.

मी विचारलं, "म्हणजे विलासराव निर्दोष आहेत असं ठरलं का?"

"तसं नाही, अक्का. गुन्हाच झाला नाही असं ठरलं."

"सोनं तर पडलं होतं ना बाकाखाली?"

"पडलं होतं. पण आणलं कुणीच नव्हतं."

"मग इतके दिवस ते आत कशासाठी होते?"

वकील म्हणाला, "हा प्रश्न कुणाला विचारू नका. सुटतायत ना, देवाला नारळ फोडा."

नारळ फोडला. पण देवापुढं उभी राहिले तेव्हा कशाबद्दल हात जोडायचे ते मला सुचेना. खरं कळलं म्हणून सुटले असते तर गोष्ट वेगळी. दोन मोठ्या माणसांना हात मिळवायला जागा हवी होती, म्हणून मधला माणूस बाजूला सरकवला, एवढंच.

विलासराव घरी आले तेव्हा पोरगी त्यांना बघून रडली. अनोळखी माणूस. आईच्या मागं लपली. ते दारातच उकिडवे बसले आणि ती कधी पुढं येते याची वाट बघत राहिले. शेवटी तिनंच येऊन त्यांच्या बुटाची नाडी ओढली.

आता त्यांनी पिकअप घेतली आहे. केळीचे घड वाहतात. साधी पाटी, त्यामुळं नाक्यानाक्यावर थांबवतात, ताडपत्री काढायला लावतात. ते स्वतःच उतरून काढून दाखवतात. म्हणतात, अक्का, उघडून दाखवण्यात केवढी शांत झोप आहे.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, रेखा माहेरी आली. झोके झाले, पुरणपोळी झाली. निघायच्या दिवशी विलासरावांनी पिशवी आणली आणि अंगणाच्या मधोमध तोंड वासून ठेवली. शेजारपाजारचे सगळे उभे. म्हणाले, "भरा अक्का. पण सगळ्यांसमोर."

गल्ली हसली. मीही हसले आणि भरली. गहू, बिबड्या, वर केळी. प्रत्येक वस्तू हात वर करून दाखवली. विलासरावांनी चेन लावली, नमस्कार केला, रेखाला आणि पोरीला घेऊन गेले.

तासाभरानं फोन आला. नाक्यावर अडवलं होतं. ताडपत्री उघडली, पिशवी उघडली, आणि गव्हात हात घातला तर चिंधीची पुरचुंडी लागली. पुरचुंडीत सोनं. पोलीस विचारत होता, हे कुणी लपवलं? विलासराव म्हणाले, माझ्या सासूनं. पोलिसाला ते जुनं प्रकरण ठाऊक होतं. तो म्हणाला, फोन लावा त्यांना, मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय.

मी फोन कानाला धरला. ऐकू येत नाही म्हणायचं वकिलाचं सांगणं आठवलं, पण मला दोन्ही कानांनी नीट ऐकू येत होतं.

"आजी, खरं सांगा. या खेपेला तरी फक्त केळीच होती ना?"

"नाही भाऊ," मी म्हटलं. "माझ्या कानातली फुलं आहेत, नातीसाठी. उघड दिली असती तर जावयानं नको म्हटलं असतं."

तिकडं आधी पोलिसाचं हसू, मग रेखाचं ओरडणं, "आई, तू सुधरणार नाहीस!" आणि मधूनच माझ्या नातीचा आवाज. बापाच्या कडेवर होती. गाडी सोडली त्यांनी लगेच.

फुलं आता तिच्या कानात आहेत. बाप संध्याकाळी घरी येतो, ती त्याच्या बुटाची नाडी सोडते. बरं चाललंय आमचं.

आणि एक सांगते. एवढ्या मोठ्या सोन्याच्या भानगडीत सोनं खरंच लपवलं म्हणून स्वतःच्या तोंडानं कबूल केलं असं माणूस आजवर एकच निघालं. तेही शिरपूरच्या अंगाला, निळ्या पाटीवाचून.

ती तुमची पिशवी मांडीवर का धरून बसलात? ठेवा की खाली.